पाचशे वाचक आणि लाल लुना

शनिवार, १८ ऑगस्ट २००७

ही वही खरं तर मोटरींचे टर्न आणि तारेचं गेज लिहायची. पुढच्या पानांवर मोटरी, मागच्या पानांवर मी. वेगळी वही आणावी असं माझ्या आयुष्यात काय घडतंय?

पण आज घडलं. दौंडला एक खासगी तांत्रिक संस्था आहे, तिथं मोटर रिवायंडिंगचा, म्हणजे जळक्या मोटरीत नवी तार भरायचा, वर्ग निघतोय. शिकवायला माणूस पाहिजे म्हणून कळलं, तर गेलो. प्राचार्यांनी चहा पाजला, एक जळकी मोटर पुढ्यात ठेवली आणि माझ्याकडून एक कॉइल भरून घेतली. नीट बघत होते. मग विचारलं, "शिक्षण?" म्हटलं, नववी, मांडवगण फराट्याच्या शाळेत. माणूस हसला नाही, एवढं त्याचं चांगलं. म्हणाला, "शाकीरभाई, तुमच्या हाताला तोड नाही. पण विश्वस्तांपुढं काहीतरी ठेवावं लागतं. तुमच्याकडं दाखवण्यासारखं काय आहे?"

मी 'मोटरची नाडी'चं सांगितलं. दर पंधरा दिवसाला मी एक पत्र लिहितो, शिरूरच्या स्टँडसमोरचा सायबर कॅफेवाला सत्यजीत ते टाइप करून ईमेलनं धाडतो. मोटर का जळते आणि कशी वाचवायची, एवढाच विषय. भांडगावच्या मारुतराव आबांच्या नीलममुळं हे सुरू झालं. पोरगी पुण्यात कंप्युटरच्या कंपनीत आहे. आबांची मोटर एका उन्हाळ्यात दोनदा जळली तेव्हा म्हणाली, "काका, तोंडानं सांगता तेच लिहून द्या, मी आबांना फोनवर समजावते." तिनं ते चार जणांना पुढं पाठवलं, त्यांच्याही बापांच्या मोटरी जळतच होत्या. असे आता सेहेचाळीस लोक झालेत.

प्राचार्य म्हणाले, "सेहेचाळीस कमी आहेत हो. पाचशे करा. दिवाळीनंतर बैठक आहे. पाचशे लोक वाचतात असा माणूस, हे मला तिथं मांडता येईल."

एक गोष्ट इथंच लिहून ठेवतो, कारण घरात बोललो नाही. बारीक तार आता मला दिसत नाही, बोटानं चाचपून भरतो. एक्कावन्नावं चालू आहे. दोन-तीन वर्षांत हे काम सुटणार. शिकवायला मात्र डोळे लागत नाहीत, तोंड लागतं, आणि ते अल्लानं भरपूर दिलंय.

पत्राचं ऐकून बायको, तहमीना, म्हणाली, "लोकांच्या मोटरी जळायच्या थांबल्या तर आपण खायचं काय? स्वतःच्या हातानं पायावर धोंडा पाडून घेणारा माणूस मी तुमच्यात पहिल्यांदा बघितला."

शनिवार, २५ ऑगस्ट

वीज येताच मोटर आपोआप चालू करणाऱ्या स्विचवर शिरूरच्या एका साप्ताहिकात माझा लेख छापून आला. 'ऑटो स्विच : शेतकऱ्याचा मित्र की वैरी?' मथळा संपादकाचा, मी असलं बोलत नाही. खाली पत्ता दिला होता, इथं ईमेल करा, पत्र फुकट मिळेल. आज सत्यजीतनं मोजून सांगितलं, दोन आले. त्यातला एक त्याचा मेहुणा.

सत्यजीत म्हणतो, "कागदावर वाचणारा कागद घडी करून खिशात घालतो. तो उठून कंप्युटरपुढं कशाला बसेल? जो आधीच कंप्युटरपुढं बसलाय त्याला पकडा." चोविसाव्या वर्षी एवढी अक्कल कुठून आली याला.

कात्रण दुकानात चिकटवलं. ज्योतिबानं येऊन ते बारकाईनं वाचलं. म्हणाला, "फोटो न्हाई व्हय?" त्याचं आपलं हे असं. ज्योतिबा बोअरमधून मोटर काढतो, मी ती भरतो, मग दोघं मिळून परत सोडतो. वीस वर्षं झाली. भीमेच्या अलीकडं-पलीकडं, कासुर्डीपासून मांडवगणपर्यंत, आमच्या हातानं न सोडलेली मोटर सापडली तर दाखवा. पाचशेचं सांगितलं तर हसला. "पाचशे? लेका, तुझ्या दुकानात पाच जण आले तर सहाव्याला उभं राहायला जागा न्हाई."

बुधवार, ५ सप्टेंबर

नीलमचा फोन. शिरूर-दौंडकडची जी माणसं पुण्या-मुंबईला नोकरीला आहेत, त्यांच्यासाठी ती 'भीमाकाठ' नावाचं ईमेल-पत्र चालवते. गावच्या बातम्या, लग्नं, पाऊसपाणी. अकराशे लोक वाचतात! म्हणाली, "काका, तुम्ही आमच्याकडं पाहुणा लेख लिहा. शेवटी दोन ओळींत तुमच्या पत्राचा पत्ता देते. आवडलं तर लोक आपणहून येतील."

मला पटलं. पाहुणा म्हणून जेवायला जायचं आणि उठताना आपल्या घरचं आवतण देऊन यायचं. यात लाजण्यासारखं काही नाही.

रविवार, ९ सप्टेंबर

भांडगावला आबांच्या बोअरवर मोटर सोडली. मी केबलचा जोड केला, मोटरच्या कानाला, म्हणजे वरच्या कडीला, दोर बांधला. ज्योतिबा पुलीवर. नेहमीप्रमाणं विचारलं, "बांधला?" मी म्हटलं, "बांधला." तेव्हाच त्यानं साखळी सोडली. हे ऐकल्याशिवाय तो पुली हलवत नाही. पाइपाचा जोड सुटला तर मोटर या दोरावरच लटकते, नाहीतर सरळ तळाला. आठ वर्षं झाली, हे विचारणं-सांगणं कधी चुकलेलं नाही. आठ वर्षांपूर्वी काय झालं ते इथं लिहायची गरज नाही.

शनिवार, १५ सप्टेंबर

काल पहिला रोजा झाला. आज 'भीमाकाठ'मध्ये माझा पहिला पाहुणा लेख. तीन फेजची मोटर कंडेन्सर लावून दोनच फेजवर चालवली तर काय होतं, यावर. आकृतीसकट. नवीन आले अकरा. एकूण एकोणसाठ. या चालीनं पाचशे व्हायला मला दोन जन्म लागतील.

नीलम गोड बोलली, पण बोलली. "माहिती चांगली आहे काका. पण लोक ऑफिसात चहा पिता पिता वाचतात. त्यांना गोष्ट लागते. तुमच्याकडं बोअरवरच्या किती गोष्टी असतील!"

असतील म्हणजे? आहेतच.

गुरुवार, २० सप्टेंबर

गोष्ट लिहिली. कासुर्डीच्या मल्हारीच्या बोअरमध्ये १९९९ साली मोटर पडली ती. पहिल्यांदा लिहिलं ते असं, की मोटर सोडली, दोर बांधायचा राहिला, जोड सुटला, मोटर तळाला. नीलमला फोनवर वाचून दाखवलं. ती म्हणाली, "राहिला म्हणजे? विसरलं कोण? काका, गोष्टीत माणूस पाहिजे ना!"

मग माणूस घातला.

"आमचा एक बोअरवाला मित्र आहे. नाव सांगत नाही, बिचाऱ्याला अब्रू आहे. सहा फूट उंच, डावखुरा, लाल लुनावर चेनपुली बांधून गावोगाव फिरतो. एकदा या गड्यानं अडीचशे फुटांवर मोटर सोडली आणि दोर बांधायचाच विसरला..." तिथून पुढं पेन थांबलंच नाही. मोटर पडल्यावर मालकानं टोपी काढून बोअरच्या तोंडावर ठेवली आणि म्हणाला, "घाला आता हिला माती," हे तर जसंच्या तसं. वाचताना नीलम एवढी हसली की मलाही हसू आलं. शेवटी दोर कसा बांधावा ते चार ओळींत.

नाव घातलेलं नाही. आणि हे जाणार पुण्या-मुंबईला. इथं मांडवगणात ईमेल आहे कुणाकडं? शिवाय ज्योतिबानं स्वतः त्या दिवशी मालकाला सांगितलं होतं, "माझ्याकडनं राहिला दोर." दहा माणसांनी ऐकलंय. मी काही वेगळं लिहिलेलं नाही.

त्या दिवशी तहमीना दवाखान्यात होती, आमच्या नाझियाच्या जन्माच्या वेळी. ते काही लेखात घालायचं कारण नाही.

बुधवार, ३ ऑक्टोबर

या अल्ला! लेख शनिवारी गेला. आज सत्यजीतनं फोन करून आकडा सांगितला, दोनशे एकतीस! म्हणाला, लोक एकमेकांना पुढं ढकलतायत. कुणी तर मथळा दिलाय, 'घाला हिला माती.' मी दुकानात एकटाच टाळ्या वाजवल्या. शेजारचा पंक्चरवाला बघून गेला, काय झालंय म्हणून.

शनिवार, ६ ऑक्टोबर

तीनशे अठरा. आलेल्या ईमेल सत्यजीतनं वाचून दाखवल्या. एकानं लिहिलंय, "वाचल्या वाचल्या वडिलांना फोन केला आणि आपल्या बोअरला दोर आहे का बघायला सांगितलं." दुसऱ्यानंही तसंच, तिसऱ्यानंही. हीच तर या कामाची खरी ताकद. पोरगा पुण्यात वाचतो, संध्याकाळी बापाला फोन करतो. बापाला ना कंप्युटर लागतो ना चष्मा. माझा शब्द असा गावोगाव पोचतोय. आज मान ताठ करून एसटीत बसलो.

गुरुवार, ११ ऑक्टोबर

ज्योतिबा या आठवड्यात आला नाही. मागच्याही आठवड्यात नव्हता. दोन मोटरी भरून पडल्यात, गिऱ्हाइकं विचारतायत. फोन केला तर वाजून वाजून बंद. फोन घरी विसरून गेला असेल. नाहीतर दौंडकडं मोठं काम लागलं असेल. कामाला लागला की गडी तहानभूक विसरतो.

रविवार, १४ ऑक्टोबर

ईद. नमाज, गळाभेटी, शिरखुर्मा. दरवर्षी पहिला डबा ज्योतिबाकडं जातो, तो घेऊन जायला तो स्वतः येतो आणि इथंच एक वाटी पिऊन जातो. या खेपेला आला नाही. नाझियाच्या हातून धाडला. त्याच्या बायकोनं, साखरबाई वहिनींनी, ठेवून घेतला. ज्योतिबा घरी नव्हता म्हणे.

सोमवार, १५ ऑक्टोबर

डबा परत आला. तहमीनानं झाकण उघडून माझ्यापुढं धरलं. "बघा."

बघितलं. घासून स्वच्छ केलेला होता.

"रिकामा आहे," ती म्हणाली.

दरवर्षी वहिनी त्यात शेंगा नाहीतर गुळाचा खडा घालून पाठवतात. रिकामा डबा परत करायचा नसतो, हे खरं. म्हटलं, घाईत राहिलं असेल. तहमीना माझ्याकडं एकटक बघत राहिली. "साखरवहिनीकडनं? राहिलं?" असं म्हणून आत गेली. बायकांना डब्यातही राजकारण दिसतं.

शनिवार, २७ ऑक्टोबर

चारशे एकतीस. अमेरिकेतल्या एका मराठी मंडळाच्या ईमेल-पत्रात पाहुणा लेख गेला, तोच, मोटर पडलेला. नीलमनं ओळख करून दिली. तिकडून एक्क्याऐंशी आले. अमेरिकेत बसून मल्हारीच्या बोअरवर माणसं हसतायत. प्राचार्यांनीही आपलं नाव यादीत घातलंय, सत्यजीतनं दाखवलं.

मोटरी सोडायला यवतची दोन पोरं बोलावली. पोरं बरी आहेत. मी दोर बांधला आणि वाट बघत बसलो. कुणी काही विचारेना. मग माझं मलाच लक्षात आलं. मी आपला म्हणालो, "बांधला." पोरं म्हणाली, "काय?"

सोमवार, १२ नोव्हेंबर

दिवाळी झाली. ज्योतिबाकडचा फराळ आला नाही. वीस वर्षांत पहिल्यांदा. माणूस आजारी-बिजारी तर नाही ना? उद्या-परवा जाऊन यायला पाहिजे. तहमीना म्हणाली, "दीड महिना उद्या-परवाच चाललंय तुमचं."

मंगळवार, १३ नोव्हेंबर

पाचशे सहा!!

सत्यजीतनं कागदावर छापून दिलं, सगळे पत्ते. तीच सुरळी घेऊन दौंड गाठलं. प्राचार्यांनी पानं उलटली. "शब्दाचे पक्के निघालात. पाच तारखेला बैठक आहे." मग हसत म्हणाले, "आणि तो दोराचा लेख! वर्गात पहिल्या दिवशी तोच सांगा."

येताना तहमीनाला बालुशाही आणली.

बुधवार, १४ नोव्हेंबर

आज मारुतराव आबा जळकी मोटर घेऊन आले. जीपमधून उतरवताना मी विचारलं, "कुणी काढली?"

"यवतच्या पोरांनी."

"ज्योतिबाला नाही बोलावलं?"

आबा माझ्याकडं असे बघायला लागले, जणू मी काय येड्यागत बोलतोय. "त्याला आता कोण बोलवतंय? आमच्या नीलमच्या पत्रात तूच छापलंस न्हवं? भांडगाव, कासुर्डी, तुमचं मांडवगण, ज्यांची ज्यांची पोरं पुण्याला हायती, त्या समद्यांना फोन आलं. लाल लुनावाल्याला बोअरवर घेऊ नका, त्यो दोर बांधायचा इसरतो. दिवाळीत पोरं घरी आली तवा पुन्यांदा त्योच इषय."

"मी नाव घातलं नव्हतं, आबा."

"नाव कशाला पायजे? डावखुरा, सहा फूट, लाल लुना. हितनं दौंडापतोर लाल लुनावर पुली घेऊन दुसरा कोण फिरतोय? मला तर वाटलं, तुमचं दोघांचं फाटलंय." मग हळू म्हणाले, "गुऱ्हाळावर चिपाडं ढकलतोय आता. पन्नाशीचा माणूस."

आबा गेले. मी स्टुलावर बसून राहिलो. मोटर उघडली नाही. पोरगा वाचतो आणि बापाला फोन करतो, हे मीच या वहीत मान ताठ करून लिहिलंय. पान उलटून बघितलं. सहा ऑक्टोबर. शरम वाटली. अजून वाटतेय.

तहमीनाला सांगितलं. ती रागावली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "डबा दाखवला होता तुम्हाला."

गुरुवार, १५ नोव्हेंबर

आता खरं लिहितो. इथं तरी लिहितो.

आमच्या कामाची वाटणी ठरलेली आहे. पुली, पाइप, साखळी ज्योतिबाची. मोटर, केबल आणि दोर माझा. १९९९ ला मल्हारीच्या बोअरवर मी केबल जोडत होतो तेव्हा शिरूरहून निरोप आला, तहमीनाला दवाखान्यात नेलंय, रक्त जातंय. जोड कसाबसा उरकला आणि "सोड, सोड" म्हणालो. दोर तिथंच मातीत पडलेला होता. मोटर गेली तेव्हा मल्हारी माझ्या अंगावर धावून आला, सोडेना. तेव्हा ज्योतिबा मध्ये पडला. "माझ्याकडनं राहिला दोर. त्याला जाऊ दे दवाखान्यात." म्हणून मी वेळेत पोचलो. माझं रक्त जुळलं. नाझिया आहे, तहमीना आहे.

नंतर मी कुणालाच काही सांगितलं नाही. लोक विचारायचे, मी म्हणायचो, राहिला बुवा दोर. असं म्हणता म्हणता मलाही वाटायला लागलं, की तो ज्योतिबाच्याच हातून राहिला.

आज गुऱ्हाळावर गेलो. ज्योतिबा चुलवाणापुढं बसला होता, भुवया भाजलेल्या. मला बघून उठला नाही.

म्हटलं, "ज्योतिबा, माझं चुकलं."

"काय चुकलं?"

"लेख लिहिला ते."

चिपाडाची मोळी आत ढकलून तो म्हणाला, "मी वाचला न्हाई. मल्हारीनं वाचून दावला. त्याच्या पोरानं पुण्याहनं छापून आणला हुता. चार माणसांत वाचला. समदी हसली. मी बी हसलो, काय करतो?"

मी त्याच्याशेजारी मातीत बसलो.

"आठ वर्सं मी कुनाला बोललो न्हाई, शाकीर. बायकूला बी न्हाई. मला वाटलं, तुला ठावं हाय."

"ठावं आहेच की."

"मग?"

एवढं तोंड दिलंय अल्लानं, पण तिथं चाललं नाही. मला रडू आलं. गुऱ्हाळावरची माणसं बघत होती, बघू देत. ज्योतिबा म्हणाला, "जा आता. रस उतू जाईल." निघताना तहमीनानं दिलेला डबा त्याच्याजवळ ठेवला. तो नको म्हणाला नाही, हात पण लावला नाही.

शनिवार, १७ नोव्हेंबर

नीलमला फोन केला. म्हटलं, अजून एक पाहुणा लेख पाहिजे. तोच दोर, पण खरा. सगळं सांगितलं. तिनं शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, "काका, माझीच चूक आहे. विसरलं कोण, हे मीच विचारलं."

"तू विचारलंस. खोटं मी सांगितलं."

"पाच तारखेला तुमची बैठक आहे ना? प्राचार्य वाचतात. तुमचे बहुतेक वाचकही 'भीमाकाठ'चेच आहेत. लेख पंधरा दिवस उशिरा घेऊ का? बैठक होऊन जाईल."

खोटं कशाला बोलू, मोह झाला. चांगला तासभर झाला. दुकानात वार्निशचा ब्रश धुवत बसलो. पंधरा दिवसांनी काय बिघडतंय? मग हिशेब लक्षात आला. हे पंधरा दिवस चुलवाणापुढं मी बसणार नव्हतो, तो बसणार होता. नीलमला परत फोन लावला. म्हटलं, येत्याच शनिवारी घे. आणि अमेरिकेच्या त्या मंडळालाही पाठव.

लेख आठ ओळींचा झाला. नावं सगळी घातली, माझं पहिलं. 'दोर बांधणं माझं काम होतं. मी विसरलो. ज्योतिबानं माझ्यासाठी ते अंगावर घेतलं, आणि मी त्यावर तुम्हाला हसवलं. त्यानं वीस वर्षांत एकही मोटर पाडलेली नाही. ज्यांनी ज्यांनी घरी फोन केला होता, त्यांनी आज परत करावा, ही विनंती.' विनोद एकही नाही. पत्ताही देऊ नकोस म्हटलं.

शनिवार, १ डिसेंबर

लेख जाऊन आठवडा झाला. सव्वीस लोक सोडून गेले. आता चारशे ऐंशी. एकानं लिहिलं, "स्वतःची चूक मित्रावर ढकलणाऱ्याकडून आम्ही काय शिकायचं?" बरोबर आहे. सत्यजीत म्हणाला, आणखी एक पाहुणा लेख टाका, वीस लोक चुटकीसरशी भरतील. नको म्हटलं.

ज्योतिबाचा काही निरोप नाही.

गुरुवार, ६ डिसेंबर

प्राचार्यांचा फोन. विश्वस्तांनी डिप्लोमावाला घेतला. म्हणाले, "तुमचा दुसरा लेख बैठकीत कुणीतरी काढला. मी बोललो तुमच्या बाजूनं. पण..." मी म्हटलं, साहेब, तुम्ही चहा पाजलात, कॉइल भरू दिलीत, तेवढं पुष्कळ. फोन ठेवल्यावर मात्र वाईट वाटलं. फार वाटलं. संस्थेतल्या फळ्यावर खडूनं मोटरचा स्टेटर कसा काढायचा, हे मी मनात कितीदा तरी काढून बघितलं होतं.

घरी आलो तर ओट्यावर डबा होता. गुऱ्हाळावर ठेवून आलो होतो तो. तहमीनानं नुसतं बोटानं दाखवलं. मी झाकण काढलं. आत गुळाचा खडा, ताजा, अजून ओलसर. दोन वेळा झाकण लावलं आणि काढलं.

रविवार, ९ डिसेंबर

आबांची मोटर भरून तयार होती. सोडायला यवतच्या पोरांना सांगावं म्हणून आबांना फोन केला तर म्हणाले, "माणूस म्या बोलावलाय. तू मोटर घिऊन ये." भांडगावला पोचलो. बोअरजवळ लाल लुना उभी.

ज्योतिबानं पुली लावून ठेवली होती. रामराम नाही, काही नाही. "आबांच्या पोरीनं फोन केला हुता," एवढंच म्हणाला. "आन् तुझ्या त्या पुण्याच्या पोरांनी बापांना पुन्यांदा फोन केलं म्हनं. कासुर्डीत दोन कामं हायती मंगळवारी. मल्हारीचं बी हाय."

"मल्हारी काय म्हणाला?"

"काय म्हणतो? म्हणला, आठ वर्सं मी चुकीच्या माणसाला शिव्या घातल्या. आता शाकीरला नव्यानं घालायला लागतील." हे म्हणताना त्याच्या मिशा जरा हलल्या. मी केबल जोडायला बसलो.

जोड आता नीट दिसत नाही. टेप बोटानं दाबत दाबत गुंडाळला. ज्योतिबा बघत होता, त्याला कळलं असणार. मी दोर घेतला, मोटरच्या कानातून ओवला, दोन गाठी मारल्या, ओढून बघितल्या. आबा बाजूला उभे.

मी वाट बघत होतो. एवढ्या वयात, एका शब्दासाठी.

पुलीवरून आवाज आला, "बांधला?"

"बांधला."

ज्योतिबानं साखळी सोडली नाही. पुली अडकवून ठेवली, चार पावलं चालत आला, माझ्यापुढं उकिडवा बसला आणि डाव्या हातानं माझी गाठ स्वतः ओढून बघितली. एकदा, दोनदा. मग उठून परत जागेवर गेला आणि मोटर खाली सोडायला लागला.

इथून पुढं तो दर वेळी बघणार. बघू दे.